मालमत्ता क्रमांक चौदा

पतसंस्था बुडाली, तेव्हा लिलावात निघालं हे खोकं.
सोबत दोन खुर्च्या, एक पंखा, एक न उघडणारं कपाट.
मी फक्त खोकं उचललं, साडेतीन हजारांत.
बाजूला अजून पांढऱ्या रंगात लिहिलेलं:
मालमत्ता क्र. १४.

उद्यमनगरात, दोन लेथ मशिनींच्या मधल्या गाळ्यात माझं डीटीपी.
पत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स.
पहिल्याच दिवशी जिथं लिहिलं
आमचे येथे श्रीकृपेक
तिथंच गोठलं.
माऊस मेला. घड्याळ चार वाजून सतरा मिनिटांवर.
रून राहिलं बोटांत.
नवरदेवाचा बाप बाकड्यावर तंबाखू मळत म्हणाला,
"कृपा अडकली म्हणायची."
तिसऱ्या खेपेला तो राजारामपुरीत गेला छापायला.

मग ज्यानं त्यानं आपलं औषध सांगितलं.
दीर म्हणाला, व्हायरस.
शेजारचा सर्जेराव म्हणाला, व्होल्टेज,
आमची मोटर उठली की तुझं बसतंय.
आठ दिवस त्यानं चारच्या ठोक्याला मोटर बंद ठेवली.
तरी गोठलं. चहा तेवढा वाढला.
पौर्णिमाच्या कंपासमधल्या खोडरबरानं
मी रॅमचे पिवळे दात घासले.
सायकलच्या पंपानं वारा मारला, तर आतून निघाली
उदबत्तीची राख, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या
आणि एक टाचणी.
दर दसऱ्याला पूजा झालेली याची.

शेवटी लक्ष्मीपुरीतून दस्तगीर मुल्लाणी आला.
वीस वर्षं त्यानं रेडिओ दुरुस्त केले,
अजून कुठल्याही यंत्राला आधी कान लावतो.
"फॉरमॅट मारूया. आतलं सगळं जाईल. चालंल?"
माझं काय होतं आत? अर्धी कृपा.
तरी म्हटलं, उद्या या.

रात्री शटर अर्धं ओढून बसले.
डी ड्राईव्ह. वसुली. नोटिसा. दोनशे बारा.
सगळ्यांत तोच मजकूर, फक्त नाव आणि आकडा वेगळा,
माझ्या पत्रिकांसारखाच.
एकशे एकोणचाळिसावी दादांची.
कर्ज त्यांचं नव्हतं. मित्राच्या चहाच्या गाड्यासाठी
एक सही केलेली, उभ्या उभ्या, दुसऱ्याच्या पेनानं.
ही नोटीस दाराला चिकटवली तेव्हा मी नववीत होते.
दादांनी ती दोनदा वाचली आणि एवढंच म्हणाले,
"रेडेकर आहे आपलं. रेडकर लिहिलंय."
आई कडाडली, आडनावाचं काय घेऊन बसलाय!
ते चप्पल घालून बाहेर गेले,
रात्री जेवायला आले नाहीत.

कर्सर ड पाशी नेला.
एक मात्रा दिली.
सेव्ह.

वाळूचं घड्याळ आलं
आणि तिथंच राहिलं.
हात मांडीत घेऊन मी बसले.
शेवटची केएमटी डेपोकडे गेली.
शटरखालून कुत्र्यानं नाक घातलं, काढलं.
पडद्यावर दादांचं नाव, बरोबर लिहिलेलं,
कुणालाच हलवता येत नव्हतं.
मलाही.
साडेबाराला मीच वायर उपटली.

सकाळी दस्तगीर टॉर्च तोंडात धरून मदरबोर्डावर वाकला
आणि एकदम हसला.
"फॉरमॅटचं काम न्हाई ताई. ही बघा,
एवढीशी डबी, टोपी फुगलीया हिची.
ताण हिच्यावर, आणि आपण रागावतोय पडद्यावर."
बिस्किटाच्या डब्यातून त्यानं तसलीच एक शोधली,
कुठल्या मेलेल्या टीव्हीतली.
डाग दिला. धूर निघाला. दोनशे रुपये घेतले.
"मारू काय तरी फॉरमॅट? स्वच्छ हुईल."
नको. चालतंय तर चालू दे.

एकशे एकोणचाळीस उघडली नाही अजून,
मात्रा बसली की गेली बघायला.

दुपारी नवी पत्रिका आली, हुपरीच्या चांदीवाल्यांची.
आमचे येथे श्रीकृपेक
चार सतरा.
पलीकडं सर्जेरावची मोटर उठली,
बल्ब थोडा पिवळा झाला,
पडदा टिकला.
रून, मी लिहिलं.
आणि लगेच सेव्ह केलं.