झुकतं माप

उकिडवे साहेबांच्या हाताखाली अकरा वर्षं
मी पितळी वजनांची पेटी वाहिली.
मखमलीच्या खाचांतली वजनं
चिमट्यानंच उचलायची;
बोटांचा घाम लागला तरी खोटी होतात, म्हणायचे.
पाम बीच रस्त्यावर, रात्री दोन वाजता,
चौकात कुत्रंही नसताना
हिरव्या दिव्याची वाट बघत थांबणारा माणूस.
मला अभिमान होता.
अजून आहे, थोडा.

दिवाळे गावात, जेट्टीच्या वाटेवर
यमीबाय सुकट विकायला बसायची.
तिच्या पारड्याखाली
जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेला खडा सापडला.
साहेबांचे डोळे चमकले.
मीच वाकून पाहिलं: खडा वजनांच्या बाजूला.
म्हणजे किलोमागे वीस ग्रॅम
गिऱ्हाइकालाच जास्त.
ती म्हणाली, "अजून ओलसर हाय ना,
घरा नेईस्तवर आटंल.
कुनाचा कशाला खावाचा?"

साहेबांनी पावतीपुस्तक उघडलं.
"अधिक असो की उणी, चूक ती चूक."
नियमानं बरोबरच होतं ते.
पंचनाम्याखाली दुसरी सही माझी.
दंडापायी तिच्या कानातली कुडी गेली,
हे पुढे कुणीतरी सांगितलं.
पावती मात्र रीतसर मिळाली होती तिला.

मग मी उलटा फिरलो.
साहेब निवृत्त झाल्यावर
कुणाचंच पारडं उलटं करून पाहिलं नाही.
जगू द्या बिचाऱ्यांना, म्हणत
तुर्भ्याच्या एका दुकानाकडे काणाडोळा केला;
तिथूनच जायचा अंगणवाडीचा तांदूळ,
पोत्यामागे तीन किलो कमी.
त्या खिचडीला बसलेली पोरं
मी मोजली नाहीत.
फार दया आली होती ना मला.

साहेब शिकवायचे,
काटा थरथरत नसेल तर खूश होऊ नकोस,
आधी गंजलाय का बघ.
शिकवायचे, आणि स्वतः
तसूभर हलायचे नाहीत.

परवा बेलापूरच्या कचेरीत
जप्तीचं कपाट आवरायला घेतलं.
तिचा तराजू निघाला.
चिठ्ठीवरचा नंबर पुसलेला, खडा तसाच.
खिडकीच्या गजाला अडकवून पाहिला:
दोन्ही पारडी रिकामी
आणि तरी एक बाजू खाली.
गाठ बोटांना लागली.
कात्री टेबलावरच होती.

"साहेब, भंगारात टाकू?"
शिपायानं विचारलं.
मी मागे वळून पाहिलं, कोणते साहेब म्हणून.