डावं पुढचं चाक

गॅरेजात गाडी नाही. गाडी बाहेर, बर्फात.
आत लेथ आहे, वडिलांच्या वयाचा,
आणि बिस्किटांच्या एका डब्यात
पंधरा रेसिंग गाड्या उभ्या राहतील इतकी चाकं.
म्लादा बोलेस्लावमध्ये कुणाला विचारा,
बोहुमीर व्हर्बा कुठं राहतो? खांदे उडवतील.
ओसाकाचे कुवाबारा मात्र सांगतील.
तांपेरेचे हापासालो तर पिनकोडसकट.

चोविसावा हिस्सा.
खऱ्या गाडीचे दोन फूट माझ्याकडे इंचभर होतात
आणि सहा फुटी ड्रायव्हर, हयात असो वा नसो,
तीन इंचांत मावतो.
ॲल्युमिनियमची कांडी फिरू लागली
की तिची कुरळी साल बाहीत शिरते, बुटांत शिरते.
एकदा लिबुशेच्या सुपात निघाली.
तिनं ती माशाच्या काट्यासारखी
बशीच्या कडेला ठेवली, आणि पाव पुढं केला.

एका चाकाला बहात्तर आरे. केसाएवढे.
श्वास धरून ओवायचे.
शिंक आली की सकाळ गेली.
चार चाकांचे अकराशे कोरुना, टपाल वेगळं.
घासाघीस मी कानशीनं करतो,
किमतीत नाही.

माणसं मला त्यांच्या मागण्यांवरून ठाऊक.
लिएजची एक बाई फक्त आरसे मागवते,
गाडी कुठली, सांगत नाही.
इंडियानातल्या दातांच्या डॉक्टरला
पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडणारं हवं, बिजागरीसकट.
उघडून काय ओतणार, देव जाणे.
मी केलं. उघडतं.

आणि हापासालो. दर नोव्हेंबरला एकच ओळ:
डावं पुढचं चाक. नग एक.

पहिल्या वर्षी वाटलं, टपालात हरवलं असेल.
दुसऱ्या वर्षी वाटलं, रंग बिघडला.
तिसऱ्या वर्षी मी त्यांना एक भाऊ दिला.
भावाला मिशा दिल्या,
सालं दिलं, अठ्ठावन्न,
ओला रस्ता, झाडांमधलं एक वळण
आणि गाडी सोडून एकटंच पुढं निघालेलं
एक डावं चाक.
तेव्हापासून ते चाक मी जरा जास्तच हळू कातायचो,
कुणाच्या थडग्यावर अक्षरं कोरावीत तसं.
लिबुशेलाही सांगितलं नव्हतं.

सातव्या वर्षी राहवलं नाही. विचारलं.

उत्तर आलं, पेन्सिलीनं,
आम्हा दोघांच्याही नसलेल्या भाषेत:
भाऊ नाही मला. नात आहे, विएनो.
वाढदिवसाला येते, तेव्हा गाडी हातात घ्यायची मुभा असते.
तिचा अंगठा नेमका तिथंच पोचतो.
पहिली तीन मोडली.
आता मोडत नाही. आता मधला नट सोडवते,
चाक खिशात घालते आणि तिच्या आईकडं परत जाते.
चार जमलीत, काड्यापेटीत.
म्हणते, बाकीची गाडी नंतर बघू.

मी भावाला मिशांसकट बाहेर सोडलं.
थोडं वाईट वाटलं. सवयीचा झाला होता.

मग लक्षात आलं:
पोरीकडं चारही चाकं डावी आहेत.
अशी गाडी उभी राहील, दिसेल ठीक,
पण डाव्या नटाचे आटे एकीकडं वळतात,
उजव्याचे उलट.
धावता धावता चाक सुटू नये
म्हणून कुणा शहाण्यानं लावलेली रीत.

या नोव्हेंबरला त्यांचं नेहमीचं डावं कातलं.
शेजारी एक उजवं ठेवलं. बिलात नाही, चिठ्ठी नाही.
विएनो ते नेहमीसारखंच फिरवेल.
बसणार नाही. चिडेल.
दातांनी प्रयत्न करेल, मुलं करतात.
ठेवून देईल, पुन्हा उचलेल,
आणि केव्हातरी, दुसरीकडं बघत असताना,
हात उलटा वळेल.

पाकीट गुंजभर जड झालं.
तिकीट तेवढंच लागलं.