उष्टी पानं

माझा बाप झारेकरी.
जळगावच्या सराफ्यात पहाटे गटारीचा गाळ उपसायचा,
पेढ्यांपुढचा केर पोत्यात भरायचा,
पाटीत हिंदकळत धुवायचा
आणि तळाशी उरलेली पिवळी शंका
पाऱ्यानं गोळा करायचा.
संध्याकाळी निघताना
त्याला केस झटकून दाखवावे लागत.
नखंही.

माझ्याकडे यंत्र आहे.
सुरतहून आणलेलं, जुनं, दांड्याला चिकटपट्टी.
लोक फोन करतात:
गिरणेच्या वाळूत पाटली,
केळीचे घड कापताना साखरपुड्याची अंगठी,
हळदीच्या मांडवात कानातलं एकच.
सापडलं तर पाचशे, नाही तर चहा.

आसोद्याच्या हेमलताबाई झोपे यांनी बोलावलं तेव्हा
शेतात प्लॉट पाडायच्या चुन्याच्या रेघा होत्या.
"अकरा वर्सं झाली," त्या म्हणाल्या,
"भरीत पार्टी होती पौषातली.
वांगी बडगीत ठेचाची म्हणून काढली,
पानाच्या कडेले ठेवली.
मंग दिसलीच नाही."

काळ्या मातीत यंत्र आधी नुसतं बडबडतं,
त्याला थोडा वेळ जमीन ऐकू द्यावी लागते.
मग लोखंड घोगरं बोलतं, तांबं खणखणीत.
सोन्याचा आवाज मात्र
गुटख्याच्या पुडीतल्या चांदीसारखाच.
सहा वर्षं झाली, मला अजून फरक करता येत नाही.
खणावंच लागतं.

खणलं.
कोळप्याची मोडकी पास.
ठिबकची तार.
बैलाच्या खुरातली पत्री, फवारणीच्या बाटलीचं बूच,
वीस पैशांचं हलकं नाणं.
बाई बांधावर बसून
प्रत्येक वेळी अर्धवट उठायच्या.

दुपार कलली.
विहिरीच्या अंगाला एक बुजलेला खड्डा,
पार्टीनंतर पानं टाकायची ती जागा,
आता वर एरंड माजलेला.
तिथे आवाज आला, बारीक, गोल.
वीतभर खाली पऱ्हाट्यांची राख,
तिच्याखाली केळीच्या पानांचं काळं मऊ खत,
आणि त्यात, चिखल पुसायच्या आधीच
पिवळी.

अशा वेळी लोक रडतात, मिठी मारतात,
भुसावळच्या एका नवरदेवानं तर यंत्रालाच पेढा भरवला होता.
मी हात पुढे केला.
हेमलताबाईंनी अंगठी घेतली नाही.
खड्ड्याकडे बघत राहिल्या.

"उष्टी पानं रुमलीनं उचलली व्हती."

लांब कुणाची तरी मोटर चालू होती.
पाणी नसावं विहिरीला, ती कोरडीच ओढत होती.

"रुमली पावरा. सातपुड्यातली.
कापूस वेचाले यायची, दोन लेकरं घेऊन.
ह्यांनी तिचं गाठोडं सोडलं सगळ्यांसमोर.
लुगडं झटकाले लावलं."
मग थांबून,
"केस बी पाहा, हे मीच म्हटलं."

यंत्र माझ्या खांद्यावर चालूच होतं,
माझ्याच पट्ट्याच्या बकलाला हुंगून कुरकुरत.
मी बंद केलं.

"हिले आता कुठी ठेवू मी?"

हरवलेलं शोधायचे माझे दर ठरलेले आहेत.
हे त्यात बसत नव्हतं.
रुमलीचा पाडा कोणता, त्यांना ठाऊक नव्हतं.
मुकादम वारला होता.
लेकरांची नावं आठवली, एकाचंच: जामसिंग.
ते नाव त्यांनी दोनदा घेतलं,
दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं,
जसं काही तो बांधापलीकडेच खेळतोय.

अंगठी मी एरंडाच्या पानावर ठेवली.
त्यांनी कनवटीची पाचशेची नोट काढली,
घडी न मोडता दिली.
माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

निघताना, का कुणास ठाऊक,
मी त्यांच्यापुढे मान खाली घातली
आणि केस झटकले.
थोडी राख पडली.