दक्षिणेला, तीन बोटं वर

वेंगुर्ले बंदर. बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी.
कॉम्प्रेसर धापा टाकतो, अमोनियाचा वास
माझ्या सदऱ्यात सव्वीस वर्षं मुरलेला.
पुण्याहून आलेली हेमांगी टाकीच्या कडेला बसून विचारते,
"बाबा, लादी कुठून धरायला लागते?"
कडेनं, म्हटलं. डब्याच्या पत्र्याकडून आत.
मध्य सगळ्यात शेवटी. पाण्यातला सगळा गाळ
तिथंच ढकललेला, म्हणून लादीचं पोट पांढरं.

"ताऱ्याचं उलटं," ती म्हणाली.
"तो मधोमध धरतो. पण आधी त्यालाही थंडी लागते.
इतकी, की तुझा कारखाना तिच्यापुढं भट्टी."
मी काटा बघितला. उणे दहा.
ज्यातून ऊन यायचं त्याला आधी गारठावं लागतं,
हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

ती अभ्यास करते धाकट्या दीर्घिकांचा,
आपल्या शेजारच्या, मोठ्या गलबतापुढं पाती असावी तशा.
तिथं लोखंड कमी, धूळ कमी, वायू निवायला वेळ लावतो.
(हे मला कळलं. निवळशंख पाणी
शून्याखालीही आढेवेढे घेतं,
एखादा कण पडला की कडकन धरतं.)
मग अचानक हंगाम, हजारो तारे एका दमात.
त्यातले आडदांड लवकर फुटतात
आणि उरलेला वायू दाराबाहेर फेकतात.
घर लहान, धरून ठेवायला वजन नाही.
कोट्यवधी वर्षं सामसूम.
वायू परत येतो, थोडा. पुन्हा पेटतं.
काहींचा येतच नाही.
"काही तर पहिल्याच हंगामानंतर बंद पडल्या.
आत नुसते म्हातारे तारे, बारीक, तांबूस,
अजून जळताहेत."

आणि मोठी शेजारीण?
"जवळून गेली की ओढते. कधी त्या ओढीनंच तारे पेटतात,
कधी असला-नसला वायू घेऊन जाते."
"म्हंजे पर्ससीनवालोच गो तो,"
बावतीस म्हणाला, लादी फोडता फोडता.

मार्गशीर्षातली रात्र, साडेबारा. दीपगृहाच्या टेकडीवर चढलो.
अगस्ती लखलखीत. "त्याच्या खाली, जरा उजवीकडे.
हात लांब कर. पाण्यापासून तीन बोटं वर."
माझं उजवं मधलं बोट क्रशरनं अर्धं नेलंय,
म्हणून डावा हात धरला.
तिसऱ्या बोटावर काही नव्हतं.
खाली एलईडीवाल्या बोटींची रांग, पांढरीफेक,
पलीकडं रेडीच्या धक्क्याचे दिवे
आणि दोघांच्या वर धुरकट साय.
ती तरी बघत राहिली,
जिथं काही नाही तिथं, फार नेमकं.

रेडीची लाल माती माझ्या चपलेला होती.
तेही लोखंड कुठल्यातरी ताऱ्यानं मरताना टाकलेलं,
असं ती उतरताना म्हणाली. मी चपला झटकल्या नाहीत.

"दिसलां?" बावतीसनं विचारलं.
नाय.
"मगे आसा कशावरून?"
हेमांगी गप्प. मी डबे उचलायला घेतले, तीनची बोट थांबलेली.
मतलई सुटली की क्षितिज धुतलं जातं, म्हटलं.
उद्या परत जाऊ.