आत पडलं तर

वडगावातले माग थांबले तेव्हा
बसवंत हावळांनी रॅकेट विणायला घेतल्या.
आडवं-उभं तेच, म्हणायचे, फक्त नेसता येत नाही.
खडे बाजारात, घड्याळजीच्या जिन्याखाली,
दीड माणूस मावेल एवढं दुकान:
एक पकड, एक आरी, तारेची वेटोळी
आणि जुनी लांबडी हिशेबाची वही.

वहीत हिशेब नव्हता.
आशियाई बॅडमिंटन, असं वर लिहून
खाली दोनदा रेघ मारलेली.

बासष्ट, क्वालालंपूर. पुढे कोरं.
पासष्ट, लखनऊ. इथे लाल शाई:
एकेरी, आपला.
धारवाड केंद्रावर आधी कानडीत ऐकलं,
मग खात्री करायला सांगलीवर मराठीत.
एकोणसत्तर मनिला, एकाहत्तर जाकार्ता,
आणि मग चार ओळी सोडलेल्या.
स्पर्धा झाली नाही की पेपर आला नाही,
मी विचारलं होतं एकदा.
"जागा ठेवायची की गं. कुणाला म्हाईत, झालीबी असंल."

शहात्तर, हैदराबाद.
मामा तारा ओढायला गेले, दोन गाड्या बदलून,
पिशवीत पकड, आरी आणि आईनं दिलेला कुंदा,
जो पहिल्याच रात्री कुठल्याशा दुहेरीवाल्यांनी संपवला.
तिसऱ्या दिवशी एका लाइन्समनला ताप भरला
आणि कुणीतरी म्हणालं,
ह्या तारवाल्याची नजर बरी आहे.

बिल्ला करणारा कारकून: नाव? गाव? राज्य?
राज्यापाशी मामा अडखळले.
घरात कानडी, मागावर मराठी,
गल्लीच्या तोंडाशी दर दोन वर्षांनी
नव्यानं रंगवलेली पाटी.
"गाव लिवलंय न्हवं? तेवढ्यावर भागवा की."
तो बिल्ला वहीत चिकटवलेला आहे.
तिसरी ओळ डिंकाखाली गेली,
किंवा नव्हतीच.

नियम त्यांना तिथे एका मिनिटात सांगितला,
मला त्यांनी वर्षभर सांगितला:
फूल बाहेर पडलं तर ओरडायचं, दोन्ही हात पसरायचे.
आत पडलं तर बोलायचं नाही.
उजवा हात रेघेकडे, बास.
आणि रेघेवर पडलं तर, मामा?
"आतलंच. रेघ काय शेजाऱ्याची हाय व्हय?"

तेरा-चौदा असताना त्यांच्या कोपऱ्यात स्मॅश आला.
मामांनी हात केला.
खेळाडू जवळ आला, उभा राहिला,
आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलला.
काय म्हणाला?
"काय की. ऊन ऊन होतं."
पंचानं गुण पुकारेपर्यंत हात खाली घेतला नाही.
दंड भरून आला, म्हणाले,
दिवाळीआधी रात्रपाळीला यायचा तसा.

पुढे वहीत ओळी दाटत जातात,
अक्षर बारीक होतं, चीन, चीन, कोरिया, चीन,
मध्येच एक दोन वर्षांचं घडीचं कात्रण,
त्याच्या पाठीमागे सोन्याचे भाव.
लाल शाई बाटलीत वाळून खडा झाली होती,
हलवली की वाजायची.

वीस आणि एकवीसला स्पर्धाच नव्हत्या.
मामा त्यातल्याच एका मे महिन्यात.
दवाखान्याच्या कागदावर राज्य आपसूक छापून आलं होतं.
त्या दोन ओळी मी सोडल्या.

तेवीस, दुबई.
हॉलमध्ये पोरींचा सराव थांबवून
आम्ही सात जणींनी एका मोबाइलमध्ये डोकी घातली.
पुरुष दुहेरी. आपले.
अठ्ठावन्न वर्षांनी, असं कुणीतरी मोजलं,
मग पोरी पुन्हा खेळायला पळाल्या.
पेपर तपासायचं लाल पेन पर्समध्ये होतं.
वही मांडीवर घेऊन तारीख घातली, दुबई लिहिलं,

तेवढ्यात पलीकडच्या कोर्टावर भांडण लागलं.
टीचर, आत का बाहेर?
एक मराठीत, एक कानडीत, दोघी एकदम.

मी बघितलं होतं.
पेन तोंडात धरलं
आणि उजवा हात केला.