चेंडू आणले, चेंडू नेले

मी पंप विकतो. डिकीत कॅटलॉगच्या गठ्ठ्याखाली
गोल्फची बॅग असते; बायकोला माहीत आहे, कंपनीला नाही.
ज्या गावी मैदान, त्या गावी एक गिऱ्हाईक
मी शोधूनच काढतो.

दापोलीहून हर्णैकडे उतरायच्या आधी
सड्यावर जांभ्याचं एक फाटक आहे. पाटी नाही.
कोल्हापूरच्या क्लबाचं पत्र तीनदा वाचून
चिटणीस दाबके म्हणाले,
"एकशे एकतीस वर्षांत बाहेरचे फार आले नाहीत.
बूट झटका. सही करा."

रजिस्टरात रकाने: नाव, गाव, कोणाच्या ओळखीने,
आणि मग, चेंडू आणले, चेंडू नेले.
युद्धात रबर मिळेना तेव्हा आखलेले.
पुढच्या प्रत्येक वहीत कोणीतरी पट्टी धरून
तेच रकाने पुन्हा आखत आलं.
मी लिहिलं: सहा.

बॅग धाकलू शिगवणने उचलली, वय साठीच्या पुढे.
हिरवळ म्हणाल तर ती भादव्यापर्यंतच.
आता मार्गशीर्ष; गवत चहाच्या चोथ्याचं,
आणि ग्रीनच्या जागी तेल पाजलेली वाळू.
तिच्यावरून धाकलू गोणपाट ओढतो,
मी वळायच्या आत माझी पावलं पुसून टाकतो.

कातळावर पडलेला चेंडू कोणाचं ऐकत नाही.
माझा पहिला उडाला तो दिसेनासाच झाला.
धाकलू मान वर न करता चालू लागला. तो आवाजावर जातो:
जांभ्यावर ठक्क, मातीत धप्प,
म्हशीवर, म्हणाला, वेगळा.

चौथ्यापाशी समुद्र दिसतो.
वारा खालून सुकटीचा वास घेऊन चढतो
आणि एकशे चाळीस यार्डांचे एकशे सत्तर करून ठेवतो.

सहाव्याच्या डावीकडे राई.
दिवसातला एकच फटका नीट बसला होता,
हाताला कळतं तसा,
आणि नेमका तोच, मध्येच मत बदलल्यासारखा,
वळून त्या काळोखात शिरला.
पान हललं नाही.

मी निघालो शोधायला. धाकलूने बॅग खाली ठेवली,
इतक्या वेळात पहिल्यांदाच.
"ता आता बाईचा."

कार्डाच्या पाठीवर छापलेलंही होतं, मुंगीच्या अक्षरात, नियम चौथा:
राईत गेलेला चेंडू शोधू नये. दंड नाही.
दंड नाही! मी पुन्हा वाचलं.
चोवीस वर्षं खेळतोय;
घरी, दारी, मैदानात,
कुठलीच चूक मला अशी फुकट गेलेली आठवत नाही.

"मग त्या चेंडूंचं होतं काय?"
"शिमग्याला गुरव काढतो, पोरांना वाटतो.
औंदा नऊच निघाले."
जरा थांबून, तक्रार केल्यासारखं,
"लोक बरे खेळाय लागलेत."

"तुम्ही खेळता?"
त्याने वाऱ्याकडे तोंड केलं.
"सोमवारी क्लब बंद असतो," म्हणाला,
आणि माझ्या हातातला सात नंबर काढून घेऊन
पाच दिला.
चेंडू झेंड्यापासून हातभर थांबला.
त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

नऊ खळगे, एकावन्न फटके. सांगण्यासारखं काही नाही.
चेंडू नेले: पाच.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन थबकलं.
वरच्या ओळीत, बाईकडे. त्याच्या वर, राईत.
पान उलटलं: जांभळ्या पेन्सिलीने, तीन, बाईंना साभार.
आणखी मागे, कपाटातल्या वहीत,
कोणा साहेबाने देवनागरी शिकता शिकता
वेलांटीचा घोळ घालून लिहिलेलं:
बाईला दीला.

मी लिहिलं, बाईकडे.
दाबक्यांनी टीपकागद दाबला, वही मिटली,
चष्मा काढून पुसला, आणि मग विचारलं,
मार्चनंतर क्लबाची विहीर तळ दाखवते,
साडेसात एचपी पुरेल का?