थंड टायर

सकाळी सातला, चोक पूर्ण ओढून,
ती तीनदा खोकली, चौथ्यांदा पेटली.
एम्रिस म्हणाला, "पाय दाबू नकोस,
तिची तिला जाग येऊ दे."
इतकं हळुवार तो मला चाळीस वर्षांत बोलला नव्हता.

अँगलसीचा फेब्रुवारी. समुद्र ट्रॅकला खेटून,
वाऱ्यात मीठ, कुंपणापलीकडे मेंढ्या
वाऱ्याकडे पाठ करून उभ्या.
त्यांना अक्कल आहे.
आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये, ओलसर खुर्च्यांवर,
सूचना ऐकत बसलो: ही शर्यत नाही.
मागच्याला पुढे सोडायचं ते सरळ रस्त्यावर, हात करून.
आणि घड्याळ लावायचं नाही, कुणीही.
एम्रिसनं मान डोलावली.
घड्याळ त्याच्या हातमोज्यात होतं.

गाडी चौसष्टची, जुन्या बाटलीसारखी हिरवी.
हीटर नाही. मी मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेतली
तेव्हा टुडर नावाचं पोरगं हसलं;
त्याच्या गाडीत सीटसुद्धा तापते.
लायसन्स एम्रिसनं ऑक्टोबरात परत केलं.
नजरेच्या मधोमध डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं.
माझा कान दिसतो, तोंड नाही.
"म्हणजे आता ऐकून घ्यावं लागणार," मी म्हटलं होतं.

पहिल्या दोन फेऱ्या रांगेत, सावकाश.
तेल घट्ट, दाबाची सुई वर चिकटलेली,
टायर लाकडाचे.
शेजारी तो डोळे मिटून:
"तिसरा.
थांब.
आता."
आणि गिअर असा आत जातो
जसं दार उघडंच होतं, मीच इतकी वर्षं ठोठावत होते.
वळण त्याला कमरेत कळतं.
समुद्र कुठल्या कानाला वाजतो
त्यावरून कळतं आपण कुठे आलो.
मला डोळे असून
उतारावरच्या डाव्या वळणातलं दव दिसलं नाही.
मी पाय काढला, फार नाही, चिमूटभर,
आणि मागचं टोक
पुढे जायला निघालं.

समुद्र. मेंढ्या. टॉवर. समुद्र. मेंढ्या.
मग गवत.
इंजिन बंद, पिशवी माझ्या पायांत,
कुठेतरी काहीतरी टिक्‌ टिक्‌ गार होत असलेलं.
"दोन की दीड?" एम्रिसनं विचारलं.
"दीड."
"मी इथे दोन मारल्या होत्या. एकोणऐंशीत."
ती मी पाहिली होती, भिंतीमागून,
आणि तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

काळा झेंडा दाखवून आत बोलावलं.
लाउरी नावाची मार्शल, पावसाळी कोटात जेमतेम मावणारी,
चाकाच्या तारा एकेक करून बोटानं वाजवत गेली.
एक तार बेसूर लागली; तिनं ती पुन्हा वाजवली, सोडून दिली.
"आणखी जायचंय?" तिनं त्याला विचारलं.
"मला काय विचारतेस? चालवते ती."

तीनच्या सुमाराला ऊन आलं, उसनं आणल्यासारखं.
सुईनं मान खाली घातली, टायर जरा माणसांत आले.
टुडर मागून आला, मी हात केला, तो गेला.
त्यानंही हात केला.
सुरुवातीच्या रेषेआधी डांबराला एक जोड आहे,
तो बुडाला लागला की एम्रिसचा अंगठा
मोज्यातल्या मोज्यात दाबला जायचा.

नंतर गाडी उभी करून त्यानं घड्याळ पुढे केलं.
"वाच, नेरिस."
"दोन मिनिटं, चौदा."
"आणि?"
"आणि सहा दशांश."
"माझ्या वेळी तू सहा कधी वाचले नाहीस."

चाळीस वर्षं मी त्याचे वरचे सुटे सोडत आले,
दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला सोडतो तसे.
मला वाटायचं, त्याला ठाऊक नाही.

मी काही बोलले नाही.
पिशवीचं बूच काढलं, पाणी गवतावर ओतलं.
अजून कोमट होतं. वाफ वर आली.

"काय पेटलं?" त्यानं विचारलं,
मान तिकडे न वळवता.